साथ कोण कोणाची करतो?

झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयी आपल्या समीक्षेत जे थोडेफार लिहिले जाते त्यात प्रेक्षक असतो, पण प्रेक्षकाचे म्हणणे नसते. तो हजारोंनी जमतो, पौषाच्या थंडीत शाल गुंडाळून रात्रभर बसतो आणि उजाडता उजाडता घरी परततो, एवढे नोंदवून झाले की अभ्यासकाचे समाधान होते. त्याची संख्या मोजली जाते, त्याच्या निष्ठेचे कौतुक होते, क्वचित त्याच्या अभिरुचीविषयी खेदही व्यक्त होतो. तो काय ऐकतो, ऐकलेल्यापैकी काय नाकारतो आणि नाकारताना कोणती कारणे देतो, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. ती वाटली असती तर एवढे तरी ध्यानात आले असते की या प्रदेशात गेली काही दशके एक वाङ्मयीन वाद सातत्याने चालू आहे. 'वाङ्मयीन' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. वाद आवाजाचा आहे: नाटकाचा आवाज बदलला का, केव्हा बदलला, कोणी बदलला, आणि बदलला म्हणजे बिघडला का.

हा वाद मी बिरसीत ऐकला. गोंदिया तालुक्यातील हे गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असलेच तर विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली आणि २०२२ च्या मार्चमध्ये तिच्यावरून प्रवासी विमान उडाले. या दोन घटनांच्या मधल्या काळात गावाने काय ऐकले याची दखल कोणत्याही दप्तरात नाही. बिरसी झाडीपट्टीच्या उत्तर काठावर आहे. पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट. अनेक घरांत पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि छत्तीसगडी नाचाचा मुलूखही फार दूर नाही. नाटकाची पेठ मात्र दक्षिणेला आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, गडचिरोली जिल्ह्यात वडसा ऊर्फ देसाईगंज लागते. तिथे नाटक कंपन्यांचे बस्तान, तिथून गावोगावची मंडळे नाटक ठरवतात, तिकिटे विकतात, मंडप उभा करतात. दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम होळीच्या सुमारास आटोपतो. मंडई असते, कुठे शंकरपट असतो. पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि रात्री नाटक असते. ज्यांना 'व्यावसायिक रंगभूमी' म्हटले की दादर आणि पार्ले एवढेच आठवते त्यांच्यासाठी हा तपशील दिला. इतरांनी तो ओलांडून पुढे जावे.

नाटकानंतरच्या सकाळी चहाच्या टपरीवर जी चर्चा होते ती आपल्या चर्चासत्रांहून अधिक नेमकी असते. तिच्यात मला तीन पक्ष दिसले. वृद्धांच्या मते आवाज गेला तो दंडार मागे पडली तेव्हाच. दंडारीत ढोलकी आणि टाळ होते, माणसाचा उघडा गळा होता, स्त्रीवेषातला पुरुष नाचत होता. पुढे रंगमंच उंच झाला, ऑर्गन आणि तबला आले आणि गाणे 'नाटकी' झाले. पन्नाशी-साठीतल्यांना हे मान्य नाही. त्यांच्या लेखी ऑर्गन-तबला हाच या रंगभूमीचा मूळ स्वर. बिघाड केला तो ऑक्टोपॅडने आणि कीबोर्डने. तिसरा पक्ष पंचविशीतल्यांचा. ऑक्टोपॅड नसलेले नाटक त्यांना अळणी वाटते. मात्र त्यांचीही एक तक्रार आहे, आणि ती तितक्याच तीव्रतेने मांडली जाते: आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर जे नाच मध्ये घुसवले जातात त्यांनी नाटकाचा आवाज मारला.

तीन पिढ्या, तीन 'मूळ' आवाज, आणि प्रत्येकाचा मूळ आवाज म्हणजे त्याने वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी मंडपात प्रथम ऐकलेला आवाज. हे लक्षात यायला फारशी बुद्धी लागत नाही. प्रश्न यापुढचा आहे, आणि आपल्या समीक्षेच्या दोन प्रमुख शाळा नेमक्या तिथेच, दोन वेगवेगळ्या दारांनी, खोलीबाहेर पडतात.

पहिली शाळा लोकसंस्कृतीच्या रक्षकांची. तिला वृद्धांचे म्हणणे ऐकताच भरून येते. दंडार, खडी गंमत, डहाका हे शब्द कानी पडताच तिच्या लेखणीला 'अस्सल', 'मातीतले', 'निरागस' अशी विशेषणे फुटू लागतात. या मंडळींनी देशीवादाची भाषा उचलली आहे, पण ती उचलताना तिच्यातला विचार खाली सांडला. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीशी कोणाचे कितीही मतभेद असोत, तिच्यात देशीयता ही एका समाजाची बाहेरचे पचवण्याची रीत आहे. अनुयायांनी तिचे वाद्यांच्या यादीत रूपांतर केले. ढोलकी देशी, तुणतुणे देशी, कीबोर्ड परका. हा हिशेब जकात नाक्यावर शोभला असता.

आणि हा हिशेबही त्यांना धड करता येत नाही, कारण ज्या पेटीच्या नावाने आज अश्रू ढाळले जातात ती स्वतः परदेशी पाहुणी आहे. हवेच्या दाबाने धातूची पाती वाजवणारे हे वाद्य युरोपातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला हातभात्याचे, मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या काही दशकांत मराठी संगीत नाटकाच्या साथीत पेटी आणि पायऑर्गन इतके रुळले की गंधर्व नाटक मंडळीचा विचार ऑर्गनशिवाय करता येत नाही. तरीही १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले. कारण काय, तर तिचे सूर ठरीव, तिला मींड येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत. म्हणजे ती भारतीय नव्हे. ही बंदी तीन दशके टिकली. ज्या काळात नभोवाणीच्या शुद्ध वातावरणात पेटी अस्पृश्य होती, त्याच काळात भंडाऱ्या-चांद्याच्या खेड्यांत ती दंडारीच्या शेजारी येऊन बसत होती. दिल्लीत जी परकी ठरली ती झाडीपट्टीत घरची झाली, आणि आता घरची म्हणून तिच्या निधनाचे शोकलेख लिहिले जात आहेत. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी १९४० चा निर्णय आठवून पाहिला?

हा प्रकार केवळ आपल्याकडे घडतो अशा समजुतीत राहू नये. फिनलंडमध्ये लोकसंगीत आणि मेटल यांचा संकर करणारी काही वाद्यवृंदमंडळे १९९० नंतर पुढे आली. त्यांचा चाहतावर्ग जगभर पसरलेला आहे आणि 'आता पूर्वीचा आवाज राहिला नाही' हे त्याचे नित्याचे म्हणणे आहे. 'फिनट्रोल' हे त्यांपैकी एक. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाने मेटलच्या गडगडाटात 'हुम्पा' नावाचा नाचरा ठेका मिसळला. १९९९ आणि २००१ च्या ध्वनिमुद्रिकांवर जीव टाकणारे चाहते पुढच्या, अधिक काळोख्या वळणाच्या कामाला बिघाड म्हणतात. त्यांच्या मते लोकतत्त्व हुम्पात होते आणि ते पातळ झाले. आता हे हुम्पा म्हणजे काय? अरण्यात राहणाऱ्या पूर्वजांचा ठेवा नव्हे. जर्मन बँडच्या संगीताशी नाते सांगणारा हा नाचाचा प्रकार आहे, आणि त्याचे हे नाव रूढ झाले ते १९५० नंतर, तेही रेडिओच्या करमणुकीमुळे. शिवाय फिनलंडच्या या मंडळाची गीते आहेत स्वीडिश भाषेत. म्हणजे ज्या मातीच्या नावाने चाहते भांडतात ती माती रेडिओने आणून टाकलेली आणि बोली शेजाऱ्याची. खुद्द 'कालेवाला'चे उदाहरण घ्यावे. एलियास ल्योनरोट यांनी खेडोपाडी हिंडून मौखिक गीते गोळा केली, ती आपल्या हाताने जुळवली, सांधली आणि १८३५ मध्ये महाकाव्य म्हणून छापली. १८४९ मध्ये त्याच महाकाव्याची बरीच वाढवलेली आवृत्ती काढली. एका राष्ट्राचा 'मूळ' आवाज दोन आवृत्त्यांत उपलब्ध आहे.

तेव्हा मूळ आवाजाचा आग्रह हा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, एवढे मान्य करून टाकू. पण इथेच दुसरी शाळा उत्साहाने पुढे सरसावते.

ही शाळा सिद्धांत वाचलेल्यांची. हान्स रॉबर्ट याउसने १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षाक्षितिज' ही कल्पना तिच्या हाती आली आहे आणि तिने सर्व कुलपे उघडतात असा तिचा विश्वास आहे. तिचे म्हणणे असे: प्रत्येक पिढी आपापल्या अपेक्षांच्या क्षितिजातून कलाकृती ग्रहण करते, क्षितिज सरकले की जुन्यांना बिघाड वाटतो, नव्यांना स्वाभाविक वाटते, मूळ असे काही नसतेच, बिरसीतली चर्चा म्हणजे तीन क्षितिजांची टक्कर, स्मरणरंजन, विषय संपला. हे म्हणणे चूक नाही. ते फार लवकर थांबते, एवढाच त्याचा दोष. याउसला क्षितिजाची कल्पना लागली ती कलाकृतीने त्या क्षितिजाला कुठे धक्का दिला हे मोजण्यासाठी, म्हणजे मूल्यविवेकासाठी. आमच्याकडे तिचा उपयोग मूल्याचा प्रश्न टाळण्यासाठी होतो. श्रोता म्हणतो, 'काहीतरी बिघडले'. समीक्षक उत्तर देतो, 'तुम्हाला तसे वाटते, कारण तुम्ही साठ वर्षांचे आहात.' हे ऐकणे नव्हे. वैद्याने रोग्याची नाडी न पाहता जन्मतारीख विचारावी, तसे हे झाले.

मी स्वतः या दोन्ही शाळांत काही काळ काढला आहे, तेव्हा परक्यावर दगड मारतो आहे असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी मी ऑक्टोपॅडवर एक संतप्त टिपण लिहिले होते. त्यात 'यंत्र', 'कृत्रिम', 'आक्रमण' हे शब्द होते, आणि ऑक्टोपॅड हे वाद्य काठ्यांनी, माणसाच्या हातांनी वाजवले जाते ही साधी गोष्ट नव्हती. ती मला कळली बिरसीच्या मंडपात. नाटक कौटुंबिक होते, मध्यंतरानंतरचा प्रवेश. घर सोडून जाणाऱ्या मुलाला उद्देशून आई पद म्हणत होती. गाणाऱ्या बाईंचा घसा रात्रीच्या दोन वाजता साथ देत नव्हता. त्यांनी एका ओळीवर दम घेतला, नेहमीपेक्षा लांब घेतला. ऑक्टोपॅडवरच्या मुलाने काठ्या वर धरल्या आणि तो थांबला. ऑर्गनवाल्याने एकच सूर लांबवला. बाईंनी ओळ पुन्हा उचलली तेव्हा दोघे तिच्यामागे गेले. मंडपात 'वा' उमटला तो त्या ओळीला नव्हता, त्या थांबण्याला होता. त्याच हंगामात दुसऱ्या एका गावी तबल्यावरचे जुने, नावाजलेले वादक मी ऐकले. नट काय बोलतो आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते आणि ते आपल्याच दुनियेत सुरेख वाजवत होते. लोक कंटाळले. माझ्या टिपणाच्या न्यायाने पहिला प्रसंग ऱ्हासाचा आणि दुसरा परंपरेचा ठरतो.

या दोन प्रसंगांनंतर मी सकाळच्या चर्चा वेगळ्या कानाने ऐकू लागलो. तिन्ही पक्षांच्या तक्रारींतून वाद्यांची नावे काढून टाकली तर खाली एकच तक्रार उरते. वृद्ध सांगतात की दंडारीचा ढोलकीवाला नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहून वाजवायचा. पाय रेंगाळला की बोल रेंगाळायचा. पन्नाशीतले सांगतात की ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडे पाहून वाजवायचा. पंचविशीतले सांगतात की ट्रॅक लागला की नाचणारीला थांबता येत नाही, लोकांनी 'पुन्हा' म्हटले तरी तिला त्याच जागी परत येता येत नाही, गाणे तिला ओढत नेते. तिघेही बोलत आहेत साथीविषयी. कोण कोणाच्या मागे जातो, कोण कोणासाठी थांबतो. मराठीत 'साथ' हा शब्द वादनासाठी आणि सोबतीसाठी एकच आहे. त्यावर शब्दखेळ करण्याचा मोह मी टाळतो, पण या श्रोत्यांनी त्या शब्दाचे दोन अर्थ कधी वेगळे केलेले नाहीत एवढे नमूद करतो.

झाडीपट्टीत या साथीला एक विशेष कारण आहे, आणि ते नाट्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडणार नाही. इथले नट एका हंगामात अनेक नाटकांत, अनेकदा पुरेशा तालमींविना उभे राहतात. विंगेतला प्रॉम्प्टर संवाद पुरवतो. वाक्य विंगेतून नटाच्या कानी येऊन त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत जो क्षण जातो तो रिकामा असतो, आणि तो रिकामेपणा रंगमंचासमोर बसलेला ऑर्गनवाला भरतो. सुराने तो नटाला वेळ देतो आणि प्रेक्षकाला सांगतो की ही विस्मृती नाही, हा भाव आहे. शहरी समीक्षक या पार्श्वसंगीताला 'भडक' म्हणतात. तो सूर काढून घ्या आणि नाटक चालवून दाखवा. इथे संगीत हे नाटकाचे अलंकरण नसून त्याच्या रचनेचा खांब आहे. म्हणून इथला श्रोता आवाजाच्या बदलाबद्दल इतका हळवा आहे. त्याची तक्रार स्मरणरंजनाची असती तर ती सर्वच बदलांबद्दल असती. मंडप बदलले, दिवे बदलले, पडदे बदलले, नाटकांचे विषय सासू-सुनेपासून शेतकऱ्याच्या कर्जापर्यंत फिरले. त्यांविषयी कोणी टपरीवर भांडताना मी ऐकले नाही.

फिनलंडचाच दुसरा एक दाखला यासाठी उपयोगी आहे. 'कोर्पिक्लानी' या मंडळाचा पूर्वावतार 'शामान' नावाने ओळखला जाई. त्या काळात ते सामी लोकांच्या 'योइक' या गायनप्रकाराचा आणि सामी भाषेचा आधार घेत असत, आणि लोकसंगीताच्या सुरावटी मात्र सिंथेसायझरवर वाजवत. २००३ मध्ये नाव बदलले. योइक मागे पडला, भाषा इंग्रजी आणि पुढे प्रामुख्याने फिनिश झाली, आणि सिंथेसायझरच्या जागी खरे व्हायोलिन व अकॉर्डियन आले. म्हणजे इथे बाण उलट दिशेने सुटला: यंत्राकडून लाकडाकडे. आता आमच्या वाद्यांच्या जकातदाराने सांगावे, ही उन्नती की अवनती? वाद्ये अस्सल झाली आणि एका अल्पसंख्य समाजाचा गळा निघून गेला. काही चाहत्यांना व्हायोलिनने आनंद झाला, काहींना योइक गेल्याचे दुःख. यादीवाल्यांना या दोहोंतून निवडता येणार नाही, आणि क्षितिजवाले दोघांनाही त्यांचे वय विचारतील.

मर्ढेकरांनी लयीचा विचार संबंधाचा विचार म्हणून केला होता. संवाद, विरोध आणि समतोल या तीन नात्यांनी घटक एकमेकांशी बांधले जातात असे त्यांचे म्हणणे. आपण ही त्रयी कवितेच्या छापील पानावर इतक्या वेळा चालवली की ती गुळगुळीत झाली. वस्तुतः ती शब्दांच्या आधी ध्वनीला लागू पडायला हवी होती. बिरसीतल्या त्या पदात गाणारीचा दम आणि पॅडचे थांबणे यांत जे होते त्याला समतोल म्हणायचे की आणखी काही, यावर मर्ढेकरांच्या वारसांनी एखादे टिपण लिहिले असते तर त्या सिद्धांताचे काही भले झाले असते. अशोक रानडे यांच्यासारख्या एखाद्याने लोकसंगीतासाठी शास्त्रीय परिभाषा घडवण्याचा उद्योग १९७० च्या दशकातच आरंभला होता. साहित्यसमीक्षेने त्याला 'संगीतवाल्यांचे काम' म्हणून शेजारच्या फडताळात ठेवून दिले. नाटकाची संहिता आम्ही घेतली, आवाज त्यांना दिला. झाडीपट्टीच्या नाटकाची संहिता मात्र छापली जाण्याऐवजी बहुधा हस्तलिखितात प्रॉम्प्टरच्या हाती असते. म्हणून आमच्यापुरते ते नाटक अस्तित्वातच नसते.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. थिओडोर आडोर्नोने १९३८ साली लिहून ठेवले आहे की बाजारू संगीताने श्रोत्याचे ऐकणेच मागे गेले. तो रचना ऐकत नाही, ओळखीचे तुकडे तेवढे ओळखतो. मग तिकीट काढून, धंदेवाईक कंपनीचे नाटक पाहणाऱ्या खेडुताच्या मताला समीक्षा कशी म्हणायची? आक्षेप गंभीर आहे. तो करणाऱ्यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. पॅडवाला दमासाठी थांबला की नाही हे ज्याला रात्री दोन वाजता कळते, त्याचे ऐकणे मागे गेलेले नाही. उलट, ज्या समीक्षकाला नाटक 'लोककला' या कप्प्यात टाकल्यावर त्यातला सूर चढा की उतरता हे आठवत नाही, आडोर्नोचे वर्णन त्याला अधिक लागू पडते. ओळखीचे तुकडे ओळखणारा तो आहे: ढोलकी दिसली की अस्सल, कीबोर्ड दिसला की भ्रष्ट.

इथवर मी श्रोत्यांच्या बाजूने उभा आहे. पण एका ठिकाणी त्यांचा कानही बंद आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

झाडीपट्टीच्या नाटकात नायक कोणत्या आवाजात बोलतो? तो 'डोळा' म्हणतो. नायिकाही 'डोळा' म्हणते. वकील, पाटील, डॉक्टर, स्वातंत्र्यसैनिक, सगळे प्रमाण मराठी बोलतात, आणि तीही जरा इस्त्री केलेली. 'डोरा' म्हणतो तो फक्त विनोदी नट. झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. 'ण' नाही, तिथे 'न' येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि दंडारीचा अभ्यास आयुष्यभर केला, तिला व्याकरण आहे हे दाखवून दिले. तरीही ज्या रंगभूमीला त्या बोलीच्या प्रदेशाचे नाव आहे तिच्यावर ती बोली हसण्यापुरती उरली आहे. दुःख 'ळ'मध्ये, हशा 'र'मध्ये. ही वाटणी कोणी केली? निदान कीबोर्डने ती केली नाही. संगीत नाटकाच्या अनुकरणातून आलेल्या पेटीबरोबरच ती आली असावी असा माझा तर्क आहे, आणि तो खरा असेल तर पन्नाशीतल्यांचा लाडका 'मूळ' आवाज या बोलीच्या हकालपट्टीचा सोबती ठरतो.

डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. किती नाटके केली, किती भूमिका केल्या, याचे आकडे ठिकठिकाणी छापून आले. त्यांच्या संवादात बोली कुठे येते, कुठे प्रमाण भाषेला वाट देते, त्या वळणावर मंडपातला श्वास कसा बदलतो, यावर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. श्रोत्यांच्या सकाळच्या चर्चेतही हा विषय येत नाही. ढोलकी गेली याचा त्यांना शोक आहे, पॅड थांबत नाही याचा राग आहे. पण घरात आपण जसे रडतो तसे रंगमंचावर कोणी रडत नाही, हे त्यांच्या कानाला अजून खटकलेले नाही. मी एकदा हा मुद्दा टपरीवर काढून पाहिला. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला समजावले की रडणे शुद्ध भाषेतच बरे दिसते. शेजारी बसलेल्या मुलाने ते मान्य केले नाही. पण त्याला पोवारीत रडायचे होते, झाडीत नव्हे, आणि मग ते दोघे आपसांत भांडू लागले. माझ्या प्रश्नाहून त्यांचे भांडण चांगले होते, म्हणून मी गप्प बसलो. बिरसीसारख्या काठावरच्या गावात 'आपला आवाज' या शब्दांचा अर्थ किती दारांतून आत येतो, हे त्या सकाळी जितके कळले तितके एकाही व्याख्यानातून कळले नव्हते.

देशीवादी मित्रांना माझे सांगणे इतकेच आहे की तुमच्या वाद्यांच्या यादीत 'र' हा वर्ण कुठे बसतो ते एकदा तपासा. ढोलकी परत आणून नायकाच्या तोंडी पुण्याचा 'ळ' तसाच ठेवणार असाल तर तुम्ही फक्त नेपथ्य बदलता. आणि सिद्धांतवादी मित्रांनो, क्षितिज सरकते हे खरे. पण ते सरकत असताना कोणी थांबले होते का, हेही बघत चला.

वडशाच्या कंपन्यांच्या पत्रकांवर नट-नट्यांच्या नावांखाली ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावे असतात. बिरसीतले लोक पत्रक हाती येताच आधी तिथे बोट ठेवतात. कोण वाजवणार यावर नाटकाला जायचे की नाही हे ठरवणारे काही जण मला तिथे भेटले. आपली नियतकालिके, यात हेही आले, पुण्या-मुंबईच्या नाटकावर लिहिताना नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांची नावे न चुकता देतात. झाडीपट्टीच्या एका तरी हंगामाचे परीक्षण छापावे, आणि त्यात एका तरी ऑर्गनवाल्याने एका तरी प्रवेशात काय केले हे लिहावे. रात्री जागावे लागेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर जाऊन आपले मत खोडून घ्यावे लागेल.